डावा पाय आणि क्लच: गाडी शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गिअरची गाडी शिकायला आलेल्या माणसाची स्टिअरिंगची भीती लवकर जाते. क्लचची मात्र बराच काळ राहते. गाडी शिकवताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आपल्याकडच्या रोजच्या वापरातल्या हॅचबॅक आणि छोट्या सेडान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

क्लच दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. क्लच प्लेट त्याला चिकटून बसते आणि मागून प्रेशर प्लेट तिला स्प्रिंगच्या जोरावर दाबून धरते. पेडलवर पाय नसतो तेव्हा हे सगळं एकत्र फिरतं आणि इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटचा दाब निघतो, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो.

खरी गंमत मधल्या टप्प्यात आहे. गाडी उभी असते तेव्हा इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनी, फिरत असतं आणि चाकं जागेवर असतात. हा फरक मिटवायचं काम क्लच प्लेट घासत घासत करते. तुम्ही पाय हळू सोडलात तर तिला वेळ मिळतो आणि गाडी अलगद निघते. एकदम सोडलात तर फिरत्या इंजिनवर उभ्या गाडीचं सगळं वजन पडतं, आणि ते गचका देऊन बंद पडतं. पायाचं सगळं तंत्र या मधल्या टप्प्यासाठी, म्हणजे हाफ क्लचसाठी, आहे.

सीट किती पुढे घ्यायची?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण क्लचच्या निम्म्या तक्रारी सीटमुळे असतात. बहुतेक जण सीट ॲक्सिलरेटरच्या अंदाजाने लावतात. ती क्लचच्या अंदाजाने लावायला हवी, कारण शेवटपर्यंत दाबावं लागणारं पेडल ते आहे.

पाठ सीटला पूर्ण टेकवा आणि क्लच अगदी तळाला जाईपर्यंत दाबा. अशा वेळी गुडघा थोडासा वाकलेला राहिला पाहिजे. पाय काठीसारखा ताठ होत असेल तर सीट मागे आहे. क्लच सोडल्यावर गुडघा स्टिअरिंगच्या खाली अडकत असेल तर सीट फार पुढे आहे. दाबताना कंबर एका बाजूला सरकत असेल, तर तेही सीट मागे असल्याचं लक्षण.

निवृत्त शिक्षिका असलेल्या एक काकू माझ्याकडे यायच्या. उंची बेताची. गाडी सारखी बंद पडायची, आणि त्या म्हणायच्या, "ताई, माझं वय झालं हो, हे काही जमायचं नाही." मी त्यांच्या पायाकडे बघितलं तर क्लच खाली नेताना बोटांची फक्त टोकं पेडलवर राहत होती. सोडताना ती टोकं निसटायची आणि पेडल खाडकन वर यायचं. सीट दोन खाचा पुढे घेतली, पाठीमागे घट्ट उशी लावली, आणि त्याच सकाळी गाडी बंद न पडता निघायला लागली. वयाचा काही संबंध नव्हता.

सीट पुढे घेताना एक पथ्य पाळा. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहू द्या. एअरबॅग फुगायला तेवढी जागा लागते. अंतर कमी पडत असेल तर सीटची पाठ थोडी मागे कलती करा.

टाच जमिनीला टेकलेली हवी की पाय हवेत ठेवायचा?

यावर घरोघरी वाद आहेत. काका सांगतात टाच टेकवूनच चालवायची, ड्रायव्हिंग स्कूलवाले सांगतात पाय उचलूनच दाबायचा. दोघांचंही अर्धं बरोबर आहे, कारण दाबणं आणि सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दाबण्याचं काम मांडीचं. पेडल पूर्ण खाली न्यायला जोर लागतो आणि पल्लाही मोठा असतो. नुसत्या घोट्याने तो पार होत नाही. त्यामुळे दाबताना टाच उचलली गेली तर उचलू द्या. पाय गुडघ्यातून पुढे ढकला, एका दमात तळापर्यंत.

सोडण्याचं काम घोट्याचं. पेडल तळाला गेलं की टाच अलगद जमिनीवर येऊ द्या. तिथून वर येताना टाच टेकलेली आणि चवडा हळूहळू मागे येणारा, असं केलं की पेडल मिलिमीटरच्या हिशोबाने सोडता येतं. पाय हवेत असेल तर अख्ख्या मांडीचं वजन तोलत तेवढं बारीक काम करावं लागतं आणि पाय थरथरतो. नवख्यांचा पाय हाफ क्लचवर थरथरतो तो यामुळेच.

हाफ क्लचचा टप्पा संपला की टाच सरकवून पाय बाजूला घ्या.

काही गाड्यांत पेडल उंचावर असतं, काही जणांचे पाय लहान असतात. त्यांची टाच टेकवली तर चवडा पेडलपर्यंत पोचतच नाही. त्यांनी टाचेचा हट्ट धरू नये. पाय हवेत ठेवूनही क्लच हळू सोडता येतो. त्यासाठी सीट नीट पुढे हवी आणि मांडीला सीटच्या पुढच्या कडेचा आधार हवा. टाच टेकवण्यासाठी पेडल अर्धवट दाबायचं, ही मात्र वाईट तडजोड आहे. त्याने गिअर करकरत पडतात.

पायाचा कुठला भाग पेडलवर ठेवायचा?

चवडा, म्हणजे बोटांच्या मागचा फुगीर भाग. बोटांनी दाबलं तर जोर पुरत नाही, पायाच्या मधल्या भागाने दाबलं तर अंदाज येत नाही.

चप्पल घालून चालवलं तर चालतं का?

मागे पट्टा नसलेली चप्पल नको. पाय वर येताना ती लोंबते आणि पेडलच्या कडेला किंवा खाली अडकते. उंच टाचांच्या सँडल आणि जाड तळाचे स्पोर्ट्स शूजही शिकण्याच्या काळात टाळा, कारण पेडलचा अंदाज तळव्याला लागत नाही. पातळ, सपाट तळाचे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल उत्तम. अनवाणी चालवल्याने अंदाज छान येतो, पण जोरात ब्रेक दाबायची वेळ आली तर तळवा दुखतो. काढलेल्या चपला पायाशी ठेवून अनवाणी चालवणं तर धोक्याचंच, त्या घरंगळत ब्रेकखाली जातात. मागच्या सीटवर टाका.

पावसाळ्यात गाडीत बसल्यावर आधी तळवे मॅटवर पुसा. ओला रबरी तळ पेडलवरून सटकतो. आणि मॅटही बघा. पुढे सरकलेली किंवा दुमडलेली मॅट क्लचखाली आली की पेडल तळापर्यंत जात नाही. मग लोक गिअरबॉक्सला दोष देतात. साडी किंवा मोठा घेर असेल तर निऱ्या गुडघ्याखाली नीट सारून, टाच पडते ती जागा मोकळी ठेवून बसा.

हाफ क्लच, म्हणजे बाइटिंग पॉइंट, सापडतच नाही. काय करू?

सपाट, मोकळी जागा शोधा. सुटीच्या दिवशी एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात. सोसायटीचं पार्किंग नको, तिथे मुलं खेळत असतात. सोबत लायसन्स असलेला अनुभवी माणूस घ्या आणि गाडीला 'एल' लावा.

गाडी चालू करा, क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. उजवा पाय ब्रेकच्या वर नुसता धरून ठेवा, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. टाच टेकवून क्लच सोडायला लागा. सुरुवातीचा काही भाग नुसता रिकामा जातो, काहीच होत नाही. मग एका जागी इंजिनचा आवाज किंचित जड होतो, आरपीएमचा काटा थोडा खाली येतो, बॉनेट हलकेच उचलल्यासारखं वाटतं आणि स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. हीच ती जागा. तिथे पाय थांबवा. गाडी आपोआप सरकायला लागेल. दोन-तीन फूट जाऊ द्या, क्लच पूर्ण दाबा, ब्रेक लावा. पुन्हा पहिल्यापासून.

ॲक्सिलरेटर न देता हे करायचं कारण असं की सगळं लक्ष एका पायावर राहतं. काही फेऱ्यांनंतर काट्याकडे बघू नका, फक्त आवाज ऐका. त्यासाठी एसी आणि गाणी बंद, काच थोडी खाली. कान तयार झाला की पाय आपोआप थांबतो. डिझेल गाडीत हा सराव सोपा जातो, तिच्या इंजिनात कमी आरपीएमला जोर जास्त असतो. छोट्या पेट्रोल गाडीत, आणि त्यातही ती सीएनजीवर चालू असेल तर, पाय आणखी सावकाश सोडावा लागतो.

गाडी सरकायला लागली की पाय सोडते, आणि तिथेच बंद पडते. असं का?

घाई. गाडी हलली म्हणजे क्लचचं काम संपलं असं वाटतं, पण त्या क्षणी प्लेट अजून घासत असते. गाडी हलल्यावर पाय तिथेच धरा, मनात "एक, दोन" म्हणा, ॲक्सिलरेटर अगदी हलका द्या आणि मगच उरलेला क्लच सोडा. झटके खात गाडी पुढे जात असेल तरी कारण हेच. झटके सुरू झालेच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, क्लच पुन्हा दाबा. गाडी लगेच शांत होते.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सगळं जमत होतं. घरच्या गाडीत का बंद पडते?

हा प्रश्न फार जणांच्या मनाला लागतो, म्हणून सविस्तर सांगते. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. तुमचा पाय चुकला की शेजारचा माणूस गुपचूप क्लच दाबतो आणि गाडी बंद पडत नाही. रहदारीत ते गरजेचंच असतं, पण रिकाम्या रस्त्यावरही तसंच चालू राहिलं तर तुमचा पाय चुकतोय हे तुम्हाला कधी कळतच नाही. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, मोकळ्या जागेत गाडी बंद पडू द्या. आणि शिकणाऱ्यांनीही बिनधास्त सांगावं, "सर, आता तुम्ही पाय काढा, मला बघू द्या."

दुसरं कारण साधं आहे. प्रत्येक गाडीचा हाफ क्लच वेगळ्या उंचीवर लागतो. नव्या गाडीत बसलं की निघण्यापूर्वी वरचा सराव चार-पाच वेळा करा, पायाला ओळख होते.

चढावर गाडी मागे जाते. मागे दुसरी गाडी असते तेव्हा घाम फुटतो.

हँडब्रेक तुमचा मित्र आहे, त्याला वापरण्यात कमीपणा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १५ मध्ये लायसन्सच्या चाचणीत काय तपासायचं ते दिलं आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटर) आणि फूटब्रेकचा नीट वापर करून, मागे न जाता पुन्हा निघता येणं त्यात आहे.

हँडब्रेक घट्ट ओढा आणि फूटब्रेकवरून पाय काढून गाडी उभी राहते का बघा. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका. ॲक्सिलरेटर साधारण १५०० आरपीएमपर्यंत द्या आणि तिथेच स्थिर धरा. आता क्लच सोडत हाफ क्लचवर या. आवाज जड होईल, बॉनेट उचलल्यासारखं वाटेल, गाडी दोरी बांधून ओढल्यासारखी पुढे ताण देईल. हा ताण जाणवेपर्यंत हँडब्रेकला हात लावायचा नाही. जाणवला की हँडब्रेक सोडा, डावा पाय मात्र जागचा हलवू नका. गाडी चार-पाच फूट वर गेली की मग उरलेला क्लच सोडा. बहुतेकांची गडबड इथेच होते. हँडब्रेक खाली जाताना डावा पायही सुटतो.

दुसरी पद्धत फूटब्रेकची. ब्रेक दाबलेला ठेवून क्लच हाफपर्यंत आणायचा, गाडी ताण देऊ लागली की उजवा पाय चटकन ॲक्सिलरेटरवर. हलक्या चढाला ही छान. मॉलच्या तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पला किंवा जुन्या कात्रज घाटासारख्या ठिकाणी, सुरुवातीला तरी, हँडब्रेकच बरा. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, असलेल्या गाड्या फूटब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद थांबतात. तेवढ्यात हाफ क्लच सापडला पाहिजे, म्हणजे पायाची तयारी लागतेच.

क्लच आणि ॲक्सिलरेटरवर गाडी चढाला तोलून धरणं दिसायला ऐटदार असतं. प्लेट त्याने होरपळते. करू नका.

ट्रॅफिकमध्ये पाय सतत हाफ क्लचवर राहतो. पर्याय काय?

पुढच्या गाडीला चिकटून जायचं सोडा. थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये निघा आणि क्लच पूर्ण सोडा. सपाट रस्त्यावर बहुतेक गाड्या पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देताही माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने जातात. मध्ये कोणी घुसेल, घुसू दे. संध्याकाळच्या हिंजवडी रस्त्यावर दोन गाड्या मध्ये आल्याने घरी पोचायला जो उशीर होतो तो लक्षातही येत नाही. गुडघ्याला मात्र फरक कळतो.

सिग्नलला काही सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि पाय क्लचवरून काढलेला. क्लच दाबून थांबलात तर प्रेशर प्लेटचा दाब काढणाऱ्या रिलीज बेअरिंगवर विनाकारण भार राहतो आणि पाय चुकून निसटला तर गाडी पुढच्याला धडकते.

चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवला तर बिघडतं का?

हो. पायाच्या नुसत्या वजनानेही पेडल थोडं दबतं, त्यामुळे बेअरिंग झिजतं आणि प्लेट घसरू शकते. काम झालं की पाय डावीकडे, डेड पेडल (डावा पाय टेकवायची स्थिर पट्टी) असेल तर त्यावर, नसेल तर जमिनीवर.

ब्रेक मारताना आधी क्लच की आधी ब्रेक?

आधी ब्रेक. गाडी गिअरमध्ये असताना इंजिनही तिला मागे खेचतं, क्लच दाबला की ती मदत जाते. वेग उतरून इंजिन थरथरायच्या बेताला आलं की क्लच दाबा. फक्त अगदी कमी वेगात, पहिल्या गिअरमध्ये रांगत असाल तर दोन्ही जवळपास एकत्र दाबावे लागतात. आणि समोर अचानक कोणी आलं तर विचार करत बसू नका, दोन्ही पाय पूर्ण जोराने खाली.

घाट उतरताना क्लच दाबून ठेवला तर पेट्रोल वाचतं म्हणतात.

वाचत नाही. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरत असताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर इंधन जवळपास बंदच करतात. क्लच दाबलात तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. पण इंधनाचा हिशोब बाजूला ठेवा. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरलात की गाडी आवरायचा सगळा भार ब्रेकवर येतो. आंबोली किंवा वरंध्यासारख्या लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला ठेवा, दुसरा किंवा तिसरा, आणि क्लचला पाय फक्त गिअर बदलण्यापुरता.

दुसरा-तिसरा गिअर टाकताना गचका बसतो.

ॲक्सिलरेटर सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी व्हायला हवं. दाबणं झटकन, पूर्ण. गिअर पडल्यावर हाफ क्लचच्या जागेवर पाऊण सेकंद थबकून मग सोडा. वरच्या गिअरला एवढं पुरतं. खालचा गिअर टाकताना गचका बसतो तो वेग जास्त असल्यामुळे. आधी ब्रेकने वेग उतरवा.

जळका वास आला. प्लेट गेली का?

एकदाच आला, तोही रॅम्पवर झटापट केल्यावर, तर घाबरू नका. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थंड होऊ द्या. प्लेट खरंच संपत आली की ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये चढावर हे आधी जाणवतं. मग मेकॅनिककडे जा. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्या. एक वाचवून पुन्हा तीच मजुरी भरण्यात अर्थ नाही.

पेडल एकाएकी जड झालं असेल तर केबलच्या गाडीत केबल तपासून घ्या. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचमध्ये पेडल मऊ पडून तळाला जात असेल तर ऑइल गळत असेल किंवा आत हवा शिरली असेल. अशी गाडी पुढे रेटू नका.

डावा गुडघा दुखतो.

सीट पुन्हा तपासा, हाफ क्लच कमी करा, पेडल जड झालंय का बघा. एवढं करूनही दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

पुढे ऑटोमॅटिकच घ्यायची आहे. मग क्लच कशाला शिकू?

भारतात लायसन्स एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, मिळतं, त्यावर गिअरची आणि ऑटोमॅटिक दोन्ही गाड्या चालवता येतात. गावी भावाची किंवा मामांची गाडी रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ती बहुतेक गिअरची असते, एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. परदेशात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर त्या लायसन्सवर क्लचची गाडी चालवता येत नाही.

आणि क्लच शिकून मग ऑटोमॅटिक चालवणार असाल तर पहिले काही दिवस डावा पाय मुद्दाम सीटकडे ओढून ठेवा. सिग्नल जवळ आला की तो सवयीने क्लच शोधतो, सापडतं ब्रेकचं रुंद पेडल, आणि क्लचच्या जोराने ब्रेक दाबला जातो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायानेच.